पुटकुळी, पहारेकरी आणि खवट तेल

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालेले भाषण. शक्यतो बोलले तसेच ठेवले आहे. नंतरच्या प्रश्नोत्तरांपैकी काही भाग शेवटी जोडला आहे.)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी "तारुण्यपीटिका" असं सांगितलं. फोनवर जरा वेळ शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर, सगळ्यांना उपयोगी असं काहीतरी घ्या की. मधुमेह, गुडघेदुखी..." मी म्हटलं, गुडघेदुखीवर आपण गेली पंचवीस वर्षं जिन्यात बोलतोच आहोत. त्यासाठी माईक कशाला?

खरं कारण वेगळं होतं. माझ्या दोन्ही गालांवर खड्डे आहेत. तुम्ही सगळे ते रोज बघता, आणि पंचवीस वर्षांत कोणी विचारलं नाही. त्वचेच्या डॉक्टरच्या चेहऱ्याविषयी विचारायचं कसं, असं वाटत असेल. तर आज मीच सांगते. हे खड्डे मी दहावीत असताना पडले. निम्मे पुटकुळ्यांनी पाडले, निम्मे माझ्या नखांनी. आणि या वर्षी गणपतीत माझ्या लक्षात आलं, की एरवी आरतीला टाळ घेऊन पहिल्या रांगेत असणारी आपल्यातली दोन-तीन मुलं खाली आलीच नाहीत. आयांनी सांगितलं, अभ्यास आहे. मला तो अभ्यास ओळखू येतो. मीही तोच केला होता.

म्हणून हा विषय.

आता मला सांगा, पुटकुळी का येते? (इथे श्रोत्यांतून बरीच उत्तरं आली: उष्णतेमुळे, पोट साफ नसल्यामुळे, चेहरा नीट न धुतल्यामुळे, मोबाइलमुळे, आंब्यामुळे.) आंब्याकडे मी येणार आहे. रत्नागिरीत राहून आंब्यावर आरोप झाला की बाजू ऐकून घ्यावीच लागते.

आधी जागा समजून घेऊ. तळहात-तळपाय सोडले तर अंगावर जवळजवळ सगळीकडे केस आहेत, अगदी बारीक लव का असेना. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक नळी असते आणि त्या नळीला तेल पुरवणारी एक ग्रंथी चिकटलेली असते. चेहऱ्यावर ह्या ग्रंथींची गर्दी असते, एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ४०० ते ९००. लहानपणी त्या झोपलेल्या असतात. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांत आणि मुलींत दोघांतही, आणि ह्या ग्रंथी जाग्या होतात. आपल्या पूर्वजांनाही वयाशी असलेलं हे नातं दिसलेलं होतं. सुश्रुतसंहितेत ह्या रोगाला मुखदूषिका म्हटलंय, तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या पिटिका म्हणून, आणि उपमा दिली आहे शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या सावरीच्या, काट्यांची. सावरीचं खोड ज्याने जवळून पाहिलंय त्याला ती उपमा पटेल.

मी शिकत असताना आम्हाला ह्याची गोष्ट अशी शिकवली. आधी नळीच्या तोंडाशी मेलेल्या पेशी साठतात आणि नळी चोकअप होते. मागे तेल तुंबतं. तुंबलेल्या तेलात जंतू वाढतात. आणि मग शेवटी सूज, लाली, पू. म्हणजे आपल्या मागच्या बाजूच्या ड्रेनेजच्या चेंबरसारखं. आधी कोणीतरी त्यात काहीतरी टाकतं, मग तुंबतं, मग वास येतो, मग मिटिंग होते. मीही वर्षानुवर्षं पेशंटना हेच चेंबरचं उदाहरण देत आले. सोपं होतं, पटकन समजायचं.

२००३ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी एक काम प्रसिद्ध केलं आणि ह्या गोष्टीचा क्रम बिघडवला. त्यांनी पुटकुळ्या असलेल्या लोकांच्या चेहऱ्यावरच्या वरून साफ दिसणाऱ्या त्वचेचे छोटे तुकडे तपासले, जिथे अजून काहीच उठलेलं नव्हतं. तिथल्या नळ्यांभोवती रोगप्रतिकारक पेशी आधीच जमलेल्या होत्या. टी पेशी होत्या, मॅक्रोफेज होते, आणि दाह पेटवणारा आयएल-१ नावाचा निरोप तिथे फिरत होता. नळी अजून चोकअप झालेली नव्हती. म्हणजे मिटिंग आधीच चालू होती आणि चेंबर नंतर तुंबलं. दाह ही शेवटची पायरी आहे असं आम्ही मानत होतो, तो पहिल्या पायरीवरच उभा होता.

ह्यात तुमच्या कामाची गोष्ट ही, की पुटकुळी म्हणजे घाण नव्हे. ती चोळून, घासून, दिवसातून सात वेळा फेसवॉश लावून जात नाही. आत चाललेल्या भांडणाचं ते वर आलेलं टोक आहे. भांडण कोणाचं, ते आता बघू.

आपल्या अंगात पहारेकरी आहेत. सीबीसीचा रिपोर्ट सगळ्यांनी पाहिलाय ना? त्यात न्यूट्रोफिल्स, लिम्फोसाइट्स, मोनोसाइट्स असे आकडे असतात. एरवी आपण हिमोग्लोबिन बघतो आणि कागद घडी घालून ठेवतो. तर ते बाकीचे आकडे ह्या पहारेकऱ्यांचे. मोनोसाइट रक्तातून बाहेर येऊन त्वचेत मुक्काम करतो तेव्हा त्याला मॅक्रोफेज म्हणतात. हा आपल्या जुन्या वॉचमनसारखा. कायम ह्याच गेटवर, सगळ्यांना ओळखणारा. न्यूट्रोफिल म्हणजे बोलावल्यावर गाडीतून येणारं पथक. लिम्फोसाइटमधल्या टी पेशी ह्या अनुभवी, कोणाला कसं हाताळायचं ते ठरवणाऱ्या.

आणि भाडेकरू कोण? क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू. जुन्या पुस्तकांत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम ह्या नावाने सापडेल, २०१६ मध्ये त्याचं आडनाव बदललं. हा जंतू माझ्याकडे आहे, तुमच्याकडे आहे, आणि ज्याच्या चेहऱ्यावर आयुष्यात एक पुटकुळी आली नाही त्याच्याकडेही आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या तपासणीत असं दिसलं, की पुटकुळ्यावाल्यांच्या आणि साफ चेहऱ्यांच्या नळ्यांत ह्या जंतूचं प्रमाण साधारण सारखंच होतं. फरक होता त्याच्या पोटजातींत. म्हणजे भाडेकरू एकाच आडनावाचे, पण काही घरं शांत आणि काही घरांत रात्री दोनला म्युझिक. (हशा.) मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

मॅक्रोफेजच्या अंगावर टीएलआर-२ नावाची एक खूण असते, ती जंतू ओळखते. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत दाखवलं गेलं की अ‍ॅक्नेसचा जंतू हीच घंटी वाजवतो. घंटी वाजली की मॅक्रोफेज आयएल-८ आणि आयएल-१ बीटा असे निरोप सोडतो. आयएल-८ म्हणजे न्यूट्रोफिलच्या पथकाला केलेला फोन. पुढे २०१४ च्या सुमारास कळलं की टी पेशींतली टीएच-१७ नावाची जमातही ह्यात उतरते आणि पथकांची रांग लागते.

आणि इथून ऑक्सिजनची गोष्ट सुरू होते.

न्यूट्रोफिल जंतूला मारतो कसा? तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्याची हत्यारं बनवतो. आधी सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल. शेवटचं नाव अवघड वाटेल, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. आपण गच्चीवरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना, ती पाण्यात गेल्यावर जंतू मारणारं द्रव्य हेच. आपल्या अंगातली पांढरी पेशी स्वतःपुरतं ब्लीच तयार करते. पुवाला जी किंचित हिरवट छटा असते ती हे ब्लीच बनवणाऱ्या विकराची.

आता विचार करा, टाकी धुताना पावडर जरा जास्त पडली तर काय होतं? डोळे चुरचुरतात, नळाचं पाणी तोंडात धरवत नाही. तसंच इथे. हत्यार जंतूंपुरतं राहत नाही. नळीची भिंत भाजते, फुटते. आतलं तेल, केसाचा तुकडा, जंतू, सगळं आजूबाजूच्या मांसात सांडतं. तिथले पहारेकरी म्हणतात, हे काय नवीन, आणि आणखी फोन जातात. वरून दिसते ती लाल, ठणकणारी गाठ. शरीराजवळ ही हत्यारं शमवणारी द्रव्यंही असतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आहे, ग्लुटाथायोन आहे, आणि ई जीवनसत्त्व तर निसर्गाने त्वचेच्या तेलाबरोबरच वर पाठवलंय. हत्यारं जास्त आणि शमवणारं कमी, असा तोल गेला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. परीक्षेचा ताण तो वेगळा. जास्त पुटकुळ्या असलेल्या लोकांच्या रक्तात ह्या जळजळीच्या खुणा वाढलेल्या दिसल्याचे अभ्यास आपल्याकडे आणि बाहेरही झाले आहेत.

पण तेलाचं स्वतःचं एक प्रकरण आहे आणि ते मला फार आवडतं, कारण त्यात मुशी येते.

१९०६ मध्ये मित्सुमारू त्सुजिमोतो ह्या जपानी रसायनतज्ज्ञाला शार्क माशाच्या यकृताच्या तेलात एक वेगळा पदार्थ सापडला. पुढे १९१६ मध्ये त्याने त्याला शार्कच्या लॅटिन नावावरून स्क्वालीन असं नाव दिलं. शार्क म्हणजे आपली मुशी, मोरी. मिरकरवाड्याला जाळ्यात येते तीच. जुन्या लोकांना आठवत असेल, लाकडी होड्यांना मुशीचं तेल चोळत आणि तो वास आठवडाभर जायचा नाही. तर हेच स्क्वालीन माणसाच्या त्वचेच्या तेलात असतं, दहा-बारा टक्के. बाकी प्राण्यांच्या अंगावरच्या तेलात ते इतकं क्वचितच. आपण आणि मुशी, असा हा संबंध.

स्क्वालीन ताजं असेपर्यंत गुणी आहे. पण त्याला हवा आणि ऊन लागलं की ते बिघडतं. बरणीच्या तळाशी राहिलेलं खोबरेल किंवा पावसाळ्यात डब्यात विसरलेला शेंगदाण्याचा कूट कसा खवट होतो? तेच. खवट होणं म्हणजे तेलाचं ऑक्सिडेशन. आणि हे खवट स्क्वालीन नळीच्या पेशींना डिवचतं, त्या जास्त साठायला लागतात, तोंड बंद होतं. म्हणजे चेंबर तुंबायलाही पुन्हा ऑक्सिजनच कारण. दुपारचं भाट्याच्या समुद्रावरचं ऊन, गाड्यांचा धूर, सिगारेटचा धूर, हे सगळे त्या तेलाला खवट करायला मदत करतात. पुढे २०२२ मध्ये आणखी एक गंमत कळली. पुटकुळीतले काही मॅक्रोफेज हे तेल गिळून फुगतात. आतल्या स्क्वालीनने त्यांची ऑक्सिजनची हत्यारं विझतात, आणि ते जंतू मारेनासे होतात. पण फोन करायचं मात्र थांबवत नाहीत. पोट भरून खुर्चीत बसलेला आणि शिट्टी वाजवणारा वॉचमन. (पुन्हा हशा. आपल्या वॉचमनकाकांची मी नंतर माफी मागितली.)

त्यामुळे "ऑक्सिजनची हत्यारं वाईट, अँटिऑक्सिडंट चांगलं" असं सरळ गणित नाही. दुकानात अँटिऑक्सिडंट लिहिलेल्या गोळ्यांच्या बाटल्या मिळतात, हजार-दीड हजाराच्या. पुटकुळ्यांसाठी त्या घ्याव्यात इतका भक्कम पुरावा नाही. झिंकचा थोडाफार उपयोग दिसलाय, नायसिनामाइडच्या जेलचाही. आणि गंमत बघा, आम्ही सर्वांत जास्त देतो ते बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल स्वतःच ऑक्सिजनची हत्यारं सोडतं. हा जंतू कमी ऑक्सिजनमध्ये राहणारा, त्याला ते सोसत नाही. काट्याने काटा. (लावत असाल तर उशीचा अभ्रा पांढरा घ्या, रंगीत अभ्र्यावर आणि टॉवेलवर त्याचे डाग पडतात. दर महिन्याला एखादी आई अभ्रा घेऊन भांडायला येते.) डॉक्सिसायक्लिनची गोळीसुद्धा नुसती जंतू मारते म्हणून उपयोगी नाही, ती न्यूट्रोफिलची धाव आणि त्याची हत्यारं कमी करते. मात्र ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. आणि मनाने महिनोन् महिने चालू ठेवायची नाही.

आता जे सांगायला मी आज उभी आहे ते सांगते.

मी इंटर्न होते. माझी धाकटी बहीण तेव्हा अकरावीत. तिच्या गालांवर पुटकुळ्या आणि काळे डाग. तिने मला फोन केला, "ताई, काहीतरी दे." मी वॉर्डात सगळ्यांना देतात ती एक ट्यूब तिला दिली. तिच्यात स्टेरॉइड होतं. मला वाटलं, सूजच आहे ना, सुजेवर स्टेरॉइड. आठ दिवसांत चेहरा लख्ख. आई म्हणाली, लेक डॉक्टर झाल्याचा उपयोग झाला. मी खूश. पुढे मी परीक्षेत बुडाले, ट्यूब संपली की बहीण दुकानातून दुसरी आणत राहिली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. दीड वर्षाने घरी आले तेव्हा तिचा चेहरा लाल, कातडी पातळ, गालावर बारीक शिरा, हनुवटीवर लव वाढलेली, आणि पुटकुळ्या पहिल्यापेक्षा दुप्पट. एक दिवस लावलं नाही की आग व्हायची, म्हणून ती रोज लावत होती. तिला वाटत होतं, ताईने दिलेलं औषध आहे.

काय झालं होतं ते तुम्हाला आता समजेल. स्टेरॉइड सगळ्या पहारेकऱ्यांना एकदम झोपवतं. फोन बंद, पथक बंद, लाली बंद. पण तेल चालूच, जंतू निवांत. आणि औषध थांबवलं की सगळे पहारेकरी एकदम जागे होतात, चिडलेले. तिला पूर्ववत व्हायला दोन वर्षं लागली आणि काही शिरा राहिल्याच. ती आज इथे नाही, पुण्याला असते. हे सांगायची परवानगी तिने दिली आहे, आणि वर म्हणाली, "सांगताना ट्यूब तू दिलीस हे गाळू नको."

ही आमच्या घरातलीच गोष्ट असती तर मी सांगितली नसती. आपल्या देशातल्या १२ केंद्रांमधल्या त्वचारोग विभागांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ पेशंट तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या जवळजवळ ३० टक्क्यांना ते गोरं होण्याचं किंवा रोजचं साधं क्रीम वाटत होतं, आणि साधारण चौथा हिस्सा पुटकुळ्यांसाठी लावत होता. निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलेलं: दुकानदार, शेजारी, ब्यूटी पार्लर. आणि सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता? पुटकुळ्याच. अशा चेहऱ्याला आमच्यात आता नावच आहे, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. ते नाव २००८ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी दिलं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही दर आठवड्याला माझ्या टेबलावर तीच ट्यूब येते. लग्न ठरलं की हमखास.

घरी जाऊन ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, असं काही दिसलं आणि तुम्ही ते मनाने चेहऱ्याला लावत असाल, तर एकदम बंद करू नका. दाखवायला या. हळूहळू उतरवावं लागतं.

आता आंबा. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला, हनुवटीला लागला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, पाणी भरलेले फोड येतात. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये रांग असते, काढणीला जाणाऱ्या माणसांची जास्त. ती अ‍ॅलर्जी आहे, टी पेशींची, काजूच्या टरफलातल्या तेलाने किंवा बिब्ब्याने होते त्याच घराण्यातली. ती पुटकुळी नव्हे. देठाकडचा भाग जरा जाडसर कापा, धुऊन खा. हापूसवर ह्यापलीकडे आरोप सिद्ध झालेला नाही. पण मे महिन्यात आपण नुसता आंबा कुठे खातो? आमरसात साखर, सोबत पुऱ्या, वर आइस्क्रीम, आणि परीक्षा संपल्याने रात्री दोनला बिस्किटं. साखर भराभर चढणाऱ्या जेवणाने इन्शुलिन आणि त्याचा भाऊबंद आयजीएफ-१ वाढतो आणि तेलाच्या ग्रंथींना जोर येतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात तरुण मुलांना १२ आठवडे साखर हळू चढवणारं जेवण दिलं, तर पुटकुळ्या कमी झाल्या. त्याआधी २००२ मध्ये एका गटाने पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावरचे १२०० लोक तपासले होते. एकालाही पुटकुळ्या नव्हत्या. त्यांचं खाणं काय? कंद, फळं, मासे, नारळ. ऐकून मला वाटलं, हे तर आपल्या आजोळचं ताट! अर्थात त्यांची आनुवंशिकता वेगळी, जगणं वेगळं. तेवढ्यावरून मी कोणाला कणगी-करांद्यांवर ठेवणार नाही. जुळ्यांच्या एका ब्रिटिश अभ्यासात पुटकुळ्यांचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक निघाला. तेव्हा पोराला "तू वडे खातोस म्हणून" असं बोलण्याआधी आपले कॉलेजचे फोटो काढून बघा.

जिमला जाणाऱ्या मुलांनो, डब्यातली व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यापासून पाठीवर आलं असेल तर दोन महिने बंद करून बघा.

नारळाविषयी एक. डोक्याला खोबरेल चोपडून झोपलं की कपाळावर बारीक दाणे येतात. परदेशात १९७० मध्ये केसांच्या पोमेडमुळे येणाऱ्या ह्या प्रकाराला वेगळं नावही दिलं गेलं. तेल लावा, पण धुवायच्या आधी तासभर, आणि कपाळ सोडून. टाचांना मुठेल, केसांना खोबरेल, चेहऱ्याला दोन्ही नको. लिंबू तर नकोच नको; लिंबू लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे पडतात. टूथपेस्टही नको.

प्रश्नोत्तरांतून

"डॉक्टरकाकू, कपाळावर आणि छातीवर एकसारखे बारीक दाणे आहेत, खाज येते, गोळ्या घेऊन वाढले." हे बऱ्याचदा पुटकुळ्या नसतात. मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीमुळे आपल्या दमट हवेत असं होतं. अँटिबायोटिकने ते वाढतं. औषध पूर्ण वेगळं, म्हणून आधी दाखवा.

"आयसोट्रेटिनॉइनची गोळी फार वाईट म्हणतात." १९७९ मध्ये ती पहिल्यांदा चमकली आणि आजही गाठी, व्रण पाडणाऱ्या पुटकुळ्यांवर तिच्याइतकं काही नाही. ती तेलाच्या ग्रंथीच लहान करते. ओठ सुकतात, रक्ताच्या तपासण्या लागतात. पण एक गोष्ट वाटाघाटीची नाही: ती घेताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर दोष होतात. त्या काळात रक्तदानही नाही. मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप कोणी घेऊ नका.

"मुलीची पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर येतात." मग फक्त त्वचेच्या डॉक्टरकडे थांबू नका, पीसीओएसची तपासणी करून घ्या.

"औषध पंधरा दिवस लावलं, काही झालं नाही." आठ ते बारा आठवडे द्या. आज वर दिसणारी पुटकुळी आत कित्येक दिवसांपूर्वी सुरू झालेली असते, हे आपण मघाशी पाहिलं. म्हणूनच मलम फक्त पुटकुळीवर टिकलीसारखं लावायचं नसतं, पुटकुळ्या येतात तो सगळा भाग धरून पातळ लावायचं असतं.

एका आजींनी विचारलं, "फोडलं तर काय होतं गो? आम्ही तर फोडायचो." आजी, फोडताना जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही सांडतं, आणि आत पथक उभं असतं. त्याचा निकाल माझ्या गालावर आहे.

शेवटी एक चिठ्ठी आली. वहीचं पान, चार घड्या, नाव नाही. "डाग जातात का?" काळे, सपाट डाग जातात. आपल्या वर्णाच्या त्वचेवर त्यांना सहा महिने, कधी वर्ष लागतं, आणि उन्हापासून जपलं तर लवकर. खड्डे पूर्ण जात नाहीत. सुया, लेसर, आतला धागा सोडवणं अशा उपायांनी उथळ होतात, तेही नवीन पुटकुळ्या थांबल्यावर. म्हणून खड्डा पडायच्या आधी यायचं.

चिठ्ठी ज्याची कोणाची असेल त्याच्यासाठी: रविवारी सकाळी दहापर्यंत मी घरीच असते. आईला बरोबर आणायचं की नाही ते तुझं तू ठरव. येताना लावत असलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आण. रिकाम्यासुद्धा.